खवलीच्या पाठीवरचा पाऊस

खवले मांजर मी आयुष्यात एकदाच पाहिलं. संगमेश्वर तालुक्यात माझं आजोळ होतं, घरामागे देवराई होती, आणि मे महिन्यातल्या एका रात्री आजोबांनी पाचोळ्यातल्या खसखशीवर बॅटरी मारली. कौलारू छपराचा एक तुकडा चालत निघाला होता. माझ्या तोंडून आवाज निघाला आणि त्याचा चेंडू झाला. डोकं नाही, पाय नाहीत, नुसते एकावर एक चढलेले खवले. आजोबांनी बॅटरी विझवली. आम्ही अंधारात उभे राहिलो आणि खूप वेळानं पुन्हा ती खसखस ऐकू आली.

ही गोष्ट मी माझ्या भाचीला ती चार वर्षांची असल्यापासून सांगत आले. आता ती एकोणीस वर्षांची आहे. गेल्या मे महिन्यात चिपळूणला तिच्या घरी गेले, तेव्हा ती म्हणाली, "मावशी, तुझ्या त्या चेंडूतून मी एक मुलगी काढणार आहे. बसशील माझ्याजवळ?" मी सहा रात्री बसले. तिच्यासमोर कागद नव्हता, रंग नव्हते, पाण्याचा पेला नव्हता. एक काळी काच आणि एक पेन. त्या काचेवर जे उगवत गेलं ते पाहताना मला जितकं नवल वाटलं, तितकंच त्या काचेखाली काय चाललंय हे समजून घेताना वाटलं.

अशा स्वतःच्या मनातून घडवलेल्या पात्राला ही मुलं 'ओसी' म्हणतात, ओरिजिनल कॅरेक्टर. कुठल्या पुराणातलं नाही, सिनेमातलं नाही, कुणाच्या कादंबरीतलं नाही. भाचीच्या पात्राचं नाव खवली. ती एका देवराईची राखण करते. अंगानं बारा-तेरा वर्षांच्या पोरीएवढी, पाठीवर आणि दंडांवर खवले, हातांना मुंग्यांची वारुळं उकरणारी लांब वाकडी नखं. आणि तिच्या खवल्यांच्या फटींत काजवे राहतात. पाऊस लागण्याआधीच्या पंधरा दिवसांत ते उजळतात, तेव्हा ती जागी होते.

ओरिजिनल म्हणजे शून्यातून आलेलं, असं मी समजत होते. पण जंजिऱ्याच्या दाराशी पंजांत हत्ती धरलेला जो शरभ कोरलाय, तो ज्यानं घडवला त्यानंही पंजा कुठल्या तरी खऱ्या जनावराचाच घेतला होता. भाचीनं पहिली अख्खी रात्र चित्र काढलंच नाही. ती खवले मांजराचे फोटो बघत बसली. नखं आत वळवून ते कसं चालतं, शेपूट जमिनीला कुठे टेकते, पोटाकडे खवले कुठे संपतात. भारतीय खवले मांजराच्या अंगावर साधारण १६० ते २०० खवले असतात आणि ते केरॅटिनचे असतात, म्हणजे आपल्या नखांचं जे द्रव्य तेच. हे वाचल्यावर तिनं स्वतःचा अंगठा दिव्याखाली धरला आणि नख वेगवेगळ्या कोनांतून फिरवून पाहिलं. जे जगात नाही ते खरं वाटावं म्हणून जे आहे त्याकडे इतकं टक लावून पाहणारं माणूस मी पहिल्यांदा बघत होते.

दुसऱ्या रात्री तिनं अंगठ्याएवढी लहान चित्रं काढली, वीस-पंचवीस. त्यांना थंबनेल म्हणतात. सगळी नुसत्या काळ्या रंगानं भरलेली, आत नाक-डोळे काही नाही. नुसत्या सावलीवरून पात्र ओळखू यायला हवं, असा या कामातला दंडक आहे. माझ्या डोळ्यांपुढे लगेच 'चांदोबा' मासिकातलं ते चित्र आलं. हातात तलवार घेतलेला राजा विक्रम आणि त्याच्या खांद्यावर लटकलेलं प्रेत. के. सी. शिवशंकरन यांनी ते काढलं होतं, आणि ते काळ्या शाईनं पूर्ण भरून टाकलं तरी महाराष्ट्रातली अख्खी पिढी ते ओळखेल. भाचीच्या बहुतेक सावल्या मात्र साध्या मुलीच्या दिसत होत्या. मग एका चित्रात तिनं खवलीला उकिडवं बसवलं, पाठ कमानीसारखी वाकवली, मान वळवून मागे बघायला लावली. चेंडू होऊ की उभी राहू, अशा बेतात असलेली आकृती. आम्ही दोघीही एकदम बोललो, "हीच."

आता त्या पेनाबद्दल सांगते, कारण मी त्यात सर्वांत जास्त गुंतले. ते उघडून पाहिलं तर त्यात बॅटरी नाही. वायर नाही. तरी काचेला ते कुठे टेकलंय, किती तिरकं आहे, किती जोर देऊन टेकलंय, हे सगळं त्या पाटीला कळतं. कसं? पडद्याच्या मागे तारांच्या बारीक वेटोळ्यांची जाळी पसरलेली असते. त्या जाळीतून क्षणभर चुंबकीय कंप सोडला जातो आणि पुढच्या क्षणी जाळी गप्प होऊन ऐकते. पेनाच्या टोकाशी एक चिमुकली तारेची गुंडाळी आणि एक कपॅसिटर असतो. सतारीची वरची तार छेडली की खालच्या तरफेच्या तारा हात न लावता गुणगुणतात, तशी ती गुंडाळी त्या कंपाला साद देते. कोणत्या वेटोळ्यांना तिची साद जास्त जोरात ऐकू आली, त्यावरून जागा कळते. आणि टोक दाबलं की तरफेची खुंटी किंचित पिळल्यासारखा तिचा स्वर बदलतो, त्यावरून जोर कळतो. हे सवाल-जवाब सेकंदाला शेकडो वेळा चालतात. जपानच्या वॅकॉम कंपनीनं ही बिनबॅटरीची पेनं १९८०च्या दशकात आणली. आजच्या चांगल्या पेनांमध्ये जोराच्या ८,१९२ पायऱ्या मोजल्या जातात. तंबोऱ्याची तार छेडावी एवढ्या हळुवार स्पर्शापासून ते अक्षर उमटवण्याच्या जोरापर्यंत आठ हजार पायऱ्या!

पण त्याहून मोठं नवल रेघेचं. तिनं काचेवर सपकन एक लांब रेघ ओढली, खवलीच्या पाठीची कमान. मला ती रेघ वाटली. प्रत्यक्षात ती रेघ नव्हतीच. ब्रश म्हणजे एक शिक्का असतो, बहुधा मऊ कडेचा गोल ठिपका. पेन पुढे सरकतं तसा संगणक तो शिक्का ठरावीक अंतरानं उमटवत जातो, एकावर एक, इतका दाट की डोळ्याला अखंड प्रवाह दिसतो. दुरून पाहिलेला मोगऱ्याचा गजरा. तिनं ब्रशच्या सेटिंगमध्ये जाऊन शिक्क्यांमधलं अंतर वाढवलं आणि तीच रेघ पुन्हा ओढली. गजरा विस्कटला, कळ्या सुट्या दिसल्या. जोर वाढला की शिक्का मोठा, जोर कमी केला की लहान. शिक्क्याच्या जागी झाडाच्या सालीचा पोत ठेवला तर खरखरीत खडू. सगळे कुंचले, सगळे खडू, चित्रकार मुळगावकरांच्या मुखपृष्ठांवर दिसणारी ती स्प्रेची मऊ झाक, हे सारं इथे शिक्क्याच्या आकाराचा, अंतराचा आणि दाटपणाचा खेळ होऊन बसलंय.

हात थरथरतो त्याचीही सोय आहे. स्टॅबिलायझर लावला की रेघ थेट पेनामागे धावत नाही. दोरीनं ओढलेल्या खेळण्यातल्या गाडीसारखी ती थोडी मागून, थोडी वळणं गाळून येते. आत चालतं ते साधं गणित, मागच्या काही बिंदूंची सरासरी. रेघ लोण्यासारखी निघते. भाचीनं पाठीच्या कमानीला तो लावला आणि नखं काढताना बंद केला. मी विचारलं, का? "नखांना थरथर हवी. ती माती उकरते ना." यंत्र हात स्थिर करून देतं, पण हात कुठे अस्थिर हवा हे तिचं तिलाच ठरवावं लागत होतं, आणि ते तिला कळत होतं, याचा मला फार आनंद झाला.

तिसरी रात्र खवल्यांची. मला वाटलं होतं, एक खवला काढेल आणि बाकीचे त्याची नक्कल करून चिकटवेल. संगणकावर ते दोन बटणांचं काम. तिनं केलं नाही. एकदा करून दाखवलं फक्त: तीस सारखे खवले, आणि पाठ एकदम प्लॅस्टिकच्या चटईसारखी दिसायला लागली. खरे खवले कौलांसारखे असतात. वरच्या ओळीतला खवला खालच्या दोघांच्या सांध्यावर येतो, म्हणजे पाणी आत शिरत नाही. पाठीच्या मध्यावर ते मोठे आणि रुंद, कडेला येता येता लहान, मानेपाशी नखाएवढे. कमान जिथे आपल्याकडे वळते तिथे ते रुंद दिसतात, जिथे पलीकडे वळते तिथे चिंचोळे होत जातात आणि शेवटी नुसती कड उरते. चपट्या काचेवर पाठ गोल दिसते ती एवढ्यानंच. जुन्या खवल्यांच्या कडा झिजलेल्या, काहींवर दगडाला घासल्याचे ओरखडे, एकाला चीर. तिनं एकेक हातानं काढला. मी मोजत होते, नव्वदपर्यंत मोजले आणि डोळा लागला. जाग आली तेव्हा पहाटेचे अडीच वाजले होते आणि ती शेपटीपाशी पोचली होती.

हे सगळं ती एका पानावर काढत नव्हती. रेघा एका लेयरवर, अंगाचा रंग दुसऱ्यावर, खवले तिसऱ्यावर, सावल्या चौथ्यावर, काजवे पाचव्यावर. शेवटी छत्तीस लेयर झाले होते. काचेच्या तावदानांची चवड समजा. प्रत्येकावर थोडं थोडं काढलेलं आणि वरून बघताना एकच चित्र. ही युक्ती संगणकाहून जुनी आहे आणि तिचा एक धागा आपल्या लोणावळ्याच्या वाटेवर सापडतो. राजा रविवर्मांचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला आणि पुढे मळवलीला गेला. घराघरांत पोचलेल्या त्या लक्ष्मी-सरस्वती शिळाछापानं निघत, आणि शिळाछापात प्रत्येक रंगाला स्वतंत्र दगड लागतो. पिवळ्याचा दगड, लालाचा दगड, निळ्याचा दगड. एकच कागद ओळीनं त्या सगळ्या दगडांवरून जातो आणि केसभर सरकला तर देवीच्या ओठांचा रंग हनुवटीवर येतो. भाचीचा एकेक लेयर म्हणजे वजन नसलेला एकेक दगड.

फक्त एक अडचण दगडाला कधी आली नव्हती. वरचा लेयर खालच्याला कुठे झाकतो आणि कुठे नाही, हे संगणकाला कसं कळावं? झाकतो किंवा नाही एवढंच सांगितलं तर कडा करवतीसारख्या दिसतात, कारण केसाचं टोक एखाद्या चौकोनी पिक्सेलचा पाव भागच व्यापतं. १९७७ मध्ये न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत एड कॅटमल आणि अ‍ॅल्वी रे स्मिथ यांनी प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा या तीन आकड्यांसोबत चौथा आकडा जोडला. त्याचं नाव अल्फा. हा आकडा रंग सांगत नाही, झाकण्याचं प्रमाण सांगतो. पाव झाकलं असेल तर वरच्याचा पाव हिस्सा आणि खालच्याचा पाऊण. १९८४ मध्ये थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी अशा झाकण्याचं पूर्ण बीजगणित मांडलं. खवलीच्या भुरभुरणाऱ्या बटांमधून मागची देवराई दिसते, ती या चौथ्या आकड्यामुळे.

आणि हा कारभार केवढा! तिच्या चित्राचा कॅनव्हास छपाईच्या ए-फोर आकाराचा होता, २,४८० पिक्सेल रुंद आणि ३,५०८ उंच. म्हणजे सत्त्याऐंशी लाख चौकोन, प्रत्येकात चार आकडे. एका लेयरला साडेतीन कोटी आकडे. पेनाची एक फुंकर लागली की त्यातले हजारो बदलतात, आणि बदललेलं चित्र डोळ्याची पापणी मिटायच्या आत समोर असतं.

चौथ्या रात्री काजवे आले आणि तिथे ती अडली. काजवा उजळत नव्हता. तिनं पिवळा-हिरवा ठिपका अधिक उजळ केला, मग आणखी उजळ, मग जवळजवळ पांढरा. तो कागदाच्या कपट्यासारखा दिसायला लागला. याचं कारण सोपं आहे आणि मला ते फार मोठं वाटतं. पडद्याचा पांढरा हा शेवट. प्रत्येक आकडा २५५ला थांबतो, त्याच्या पलीकडे जाता येत नाही. पानाच्या कोऱ्या पांढऱ्यापेक्षा उजळ दिवा पडद्यावर काढताच येत नाही. मग तिनं काजव्याला हात लावायचं सोडलं आणि देवराई विझवायला घेतली. झाडं गडद, पाचोळा गडद, खवलीचा चेहरासुद्धा जवळजवळ काळोखात. सगळं खाली उतरलं आणि तोच ठिपका, त्यातला एकही आकडा न बदलता, पेटला.

आपला डोळा उजेड मोजत नाही, तुलना करतो. पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात रंगाई सांभाळणारा रसायनशास्त्रज्ञ शेव्ह्रल याच्याकडे तक्रार आली होती की तिथला काळा धागा फिका दिसतो. रंग नीट होता. शेजारचे धागे त्याला फिका पाडत होते. त्यानं यावर १८३९ मध्ये अख्खा ग्रंथ लिहिला. १९९५ मध्ये एमआयटीतल्या एडवर्ड अ‍ॅडल्सननं बुद्धिबळाच्या पटाचं एक चित्र केलं, ज्यात सावलीतला पांढरा चौकोन आणि उजेडातला काळा चौकोन अगदी एकाच राखाडी रंगाचे आहेत. हे ठाऊक असूनही डोळा मानत नाही. मी भाचीच्या पडद्यावर दोन बोटांनी बाजूचं झाकून पाहिलं, तेव्हा कुठे पटलं.

सावल्यांसाठी ती लेयर 'मल्टिप्लाय'वर टाकत होती. नावातच गणित आहे, गुणाकार. पांढरा म्हणजे एक, काळा म्हणजे शून्य. निम्म्या उजेडाच्या खवल्यावर निम्मी सावली टाकली की अर्धा गुणिले अर्धा, पाव उजेड उरतो. खवल्यावरचे ओरखडे तसेच राहतात, फक्त अंधारात जातात, खऱ्या सावलीत होतं तसं. काजव्याच्या उजेडासाठी 'स्क्रीन', म्हणजे उलटा गुणाकार. त्यात अंधाराचा अंधाराशी गुणाकार होतो, आणि जे उरतं ते उजळत जातं. शाळेत पाढे पाठ करताना मला कुणी सांगितलं असतं की यात देवराईतली संध्याकाळ आहे!

काजव्याचा रंगही तिनं नुसता आवडला म्हणून घेतला नव्हता. माणसाच्या डोळ्याला दिवसा सर्वांत तीव्रतेनं जाणवणारा प्रकाश ५५५ नॅनोमीटरच्या आसपासचा, पिवळसर हिरवा, म्हणजे जवळजवळ काजव्याचाच. पडद्यावरच्या रंगाचा उजळपणा काढताना हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के धरतात, तांबड्याचा २१ आणि निळ्याचा जेमतेम ७. म्हणून निळी देवराई कितीही भडक रंगाची असली तरी अंधारी वाटते आणि हिरवा ठिपका एवढासा असूनही टोचतो. ती मधूनमधून अख्खं चित्र एका बटणानं काळं-पांढरं करून बघायची. रंग गेल्यावरही खवली पाचोळ्यातून वेगळी दिसते का? दिसत असली तरच पुढे.

इथे एका वेगळ्या गोष्टीनं मला चकवलं. शाळेत पिवळ्यात निळा मिसळला की हिरवा होतो, हे आपण सगळ्यांनी केलंय. तिनं पडद्यावर शुद्ध पिवळा घेतला, त्यावर निम्मा शुद्ध निळा ओढला. राखाडी. अगदी मेलेला राखाडी. कारण संगणक आकड्यांची सरासरी काढतो. पिवळा म्हणजे २५५, २५५, शून्य, आणि निळा म्हणजे शून्य, शून्य, २५५. सरासरी तिन्हीकडे सारखीच, म्हणून राखाडी. खऱ्या रंगाच्या थरात मात्र प्रकाश आत शिरतो, कणांवर आपटतो, काही शोषला जातो, काही विखुरतो, आणि दोन्ही रंगांच्या तावडीतून सुटतो तो हिरवा. याचं गणित कुबेल्का आणि मुंक यांनी १९३१ मध्येच मांडलं होतं. ते चित्रकाराच्या हाताच्या वेगानं चालवणं मात्र फार अवघड. २०२१ मध्ये प्रागच्या दोन संशोधकांनी, शार्का सोखोरोवा आणि ओन्द्रेय यामरिश्का यांनी, 'मिक्सबॉक्स' नावाची पद्धत काढली, जी नेहमीच्या तीन आकड्यांच्या आड रंगद्रव्यांचा हिशेब लपवून ठेवते. पिवळ्या-निळ्याचा हिरवा संगणकाला शिकवायला नव्वद वर्षं लागली. वॉटरकलरच्या पाच रुपयांच्या वडीला तो कधीपासूनच येत होता.

पाचव्या रात्री चेहरा झाला. खवलीच्या कानामागे एक काजवा बसलेला होता. तिनं कानाची पाळी नारिंगी-लाल केली, आतून पेटल्यासारखी. मला आधी ते जास्त वाटलं. मग तिनं अंधारात मोबाइलचा टॉर्च लावून माझा हात त्याच्यापुढे धरला. बोटांच्या कडा निखाऱ्यासारख्या लाल. कातडी ही भिंत नाहीच. उजेड तिच्यात शिरतो, आतल्या आत भटकतो आणि थोडं अंतर जाऊन बाहेर पडतो. वाटेत निळा-हिरवा रक्तात शोषला जातो, लाल तेवढा परततो. संगणकाला हे भटकणं झटपट मोजता यावं म्हणून २००१ मध्ये हेन्रिक वान येन्सन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक सूत्र मांडलं, आणि त्यानंतर सिनेमातली संगणकानं केलेली माणसं मेणाच्या बाहुल्यांसारखी दिसेनाशी झाली. भाचीला सूत्राची गरज नव्हती. सावली आणि उजेड जिथे भेटतात, त्या सीमेवर तिनं एक बारीक लालसर पट्टी फिरवली आणि खवलीच्या गालाखाली रक्त आलं. खवल्यांवर मात्र तिनं ती पट्टी येऊ दिली नाही.

त्याच रात्री बाहेर वळवाचा पाऊस आला. वीज गेली, खिडकीबाहेरचा जांभ्याचा गडगा भिजला, आणि ती टॅब्लेट सोडून उठली. "मावशी, बघ ना, भिजल्यावर तो काळा का दिसतो?" पाण्याला तर रंग नाही. आम्ही मेणबत्ती घेऊन गडग्यापाशी गेलो. कोरड्या खडबडीत दगडावर आपटलेला प्रकाश चहूकडे विखुरतो, त्यातला बराचसा डोळ्यांपर्यंत येतो. वर पाण्याचा पापुद्रा बसला की परत निघालेल्या प्रकाशातला काही भाग त्या पापुद्र्याच्या आतल्या बाजूला आपटून पुन्हा दगडात फेकला जातो. त्या येरझाऱ्यांत तो शोषला जातो, म्हणून दगड गडद. आणि पापुद्रा स्वतः गुळगुळीत, म्हणून मेणबत्तीची ज्योत त्यावर धारदार चमकते. ओलं म्हणजे अंग गडद आणि चमक तीक्ष्ण, दोन्ही एकदम. वीज आल्यावर तिनं खवलीच्या पाठीवरचे सगळे खवले एका मल्टिप्लाय लेयरनं गडद केले आणि प्रत्येकाच्या फुगीर कडेवर एकेक काजवा-रंगाची रेष ओढली, केसाएवढी. पोटाकडून तिनं जांभ्याचा लालसर उजेड वर टाकला, भिजलेल्या जमिनीवरून उडून येतो तसा. खवलीच्या पाठीवर पाऊस पडला. पावसाचा एक थेंबही न काढता.

सहाव्या रात्री चित्र जवळपास झालं होतं. तिनं एक बटण दाबलं आणि ते आरशात दिसावं तसं उलटं झालं. चित्र आरशात बघून चुका शोधा, असा सल्ला लिओनार्दो दा विंचीनं लिहून ठेवलाय. सहा रात्री एकाच बाजूनं पाहून डोळा सरावतो आणि चुका माफ करतो. उलटल्यावर चित्र अनोळखी होतं. डावा डोळा किंचित खाली होता, तो तिनं उचलला. शेपूट लांब होती, ती आखूड केली. मग ती थांबली. खांद्याच्या थोडं मागे, चौथ्या ओळीत, एक जागा रिकामी होती. कुठल्यातरी रात्री तिनं तो खवला पुसून पुन्हा काढायचा ठरवला असणार आणि राहून गेलं असणार. त्या फटीतून एका काजव्याचा उजेड जरा जास्तच बाहेर येत होता.

भरायला एक मिनिट लागलं असतं. तिनं खवल्यांचा लेयर उघडला, ब्रश निवडला, पेन त्या जागेवर आणलं. काचेपासून इंचभर वर ते तसंच राहिलं. मग तिनं नवा कॅनव्हास घेतला आणि खवली मागून कशी दिसते ते काढायला सुरुवात केली. पात्र पुन्हापुन्हा काढायचं तर समोरून, बाजूनं, मागून अशा सगळ्या बाजू ठरवून ठेवाव्या लागतात. पाठीची कमान आली, खवल्यांच्या ओळी आल्या. चौथ्या ओळीत तिनं ती जागा रिकामीच सोडली, आणि आता समोरून येतो तो उजेड मागच्या बाजूनं कसा दिसेल याचा विचार करत बसली.

"मावशी," ती काचेवरून नजर न काढता म्हणाली, "हा खवला तिनं कुणाला दिला असेल?"